प्रार्थनेची घडी कशी बसवावी

नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी आजी पहाटे चुलीपुढे बसून भाकरी थापायची आणि थापता थापता प्रभूची प्रार्थना म्हणायची. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' हे शब्द आले की तिचा हात क्षणभर थांबायचा. ही ओळ कुणीतरी खास तिच्यासाठीच लिहिली असणार, असं मला लहानपणी वाटायचं.

मोठी झाल्यावर मी मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, तरुण संघात आणि घरसभांत प्रार्थना चालवू लागले, तेव्हा एकच अडचण वेगवेगळ्या तोंडून ऐकू यायला लागली. "ताई, प्रार्थनेला बसते, पण दोन मिनिटांत शब्द संपतात." "इतकी वर्षं मागतोय, काही होत नाही. माझा विश्वासच कमी असेल." हा लेख अशांसाठी आहे. रोजच्या प्रार्थनेची घडी कशी बसवायची आणि ती विस्कटली की पुन्हा कशी घालायची, हे मी जमेल तेवढं सविस्तर सांगते. मी प्रॉटेस्टंट मंडळीत वाढले, त्यामुळे माझी रीत त्या वळणाची आहे. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक घरात संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होत असेल, तर यातलं बरंच काही त्यालाही जोडून घेता येईल.

आधी, प्रार्थना कशासाठी

प्रभू येशूने शिष्यांना सांगितलं, की तुम्ही मागण्याआधीच तुमच्या गरजा तुमच्या पित्याला ठाऊक आहेत. मग मागायचं कशाला? या प्रश्नाशी प्रामाणिकपणे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं मला वाटतं.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात यरीहोच्या रस्त्यावरचा बार्तीमय आहे. आंधळा भिकारी. गर्दी त्याला गप्प करते, तो आणखी मोठ्याने हाक मारतो. येशू त्याला जवळ बोलावून विचारतो, "मी तुझ्यासाठी काय करावं?" समोरचा आंधळा आहे हे साऱ्या गावाला दिसत होतं. तरी त्याने ते स्वतःच्या तोंडाने सांगावं, अशी प्रभूची इच्छा होती. बार्तीमय बोलला, त्याला दिसू लागलं आणि तो येशूच्या मागे वाट चालू लागला. माहिती देवाकडे आधीच असते. आपण मागतो तेव्हा आपण त्याच्यासमोर उभे राहतो, आपली गरज आणि आपण दोघंही. प्रार्थनेचा पहिला हेतू हा समोर येण्याचा आहे. दुसरा, आपली इच्छा हळूहळू त्याच्या इच्छेला लागून वळावी. आणि तिसरा हेतूही मी मुळीच कमी लेखत नाही: देव खरोखर ऐकतो आणि मागणाऱ्यांना देतो. प्रार्थना म्हणजे मनाची समजूत घालणं एवढंच असतं, तर येशूने 'मागा' हा शब्द वापरला नसता.

आता विश्वासाबद्दल. पुष्कळांच्या मनात विश्वास म्हणजे एक प्रकारचा जोर असतो. जितका जोर जास्त, तितकं उत्तर लवकर. नव्या करारातला ग्रीक शब्द आहे 'पिस्तिस'. त्यात भरवसा आणि विश्वासूपणा हे दोन्ही अर्थ आहेत. मराठीतही 'विश्वास' आणि 'विश्वासू' एकाच मुळाचे. विश्वासू नोकर म्हणजे फार भावनेने काम करणारा नव्हे. रोज वेळेवर येणारा. विश्वासाची प्रार्थना मी अशीच समजते: ज्याच्यावर भरवसा आहे, त्याच्याकडे रोज परत जाणं.

हन्नाचं उदाहरण मला या बाबतीत सगळ्यांत जवळचं वाटतं. जुन्या करारातल्या 1 शमुवेल या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात ही मूल नसलेली बाई वर्षानुवर्षं शिलोच्या मंदिरात जाते, सवतीचे टोमणे ऐकते, रडते, जेवत नाही. एका वर्षी ती तिथे ओठ हलवत, आवाज न करता प्रार्थना करते आणि एली याजकाला वाटतं, ही बाई प्यायलेली आहे. ती नवसही करते. नवस म्हटलं की आपण लगेच नाक मुरडतो, पण तो शब्द आपल्या पवित्र शास्त्रातच, म्हणजे बायबलमध्येच, आहे. पुढची गोष्ट मात्र हळू वाचा. एलीचा आशीर्वाद घेऊन ती परत गेली, जेवली आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. मूल अजून व्हायचं होतं. हातात काहीच आलं नव्हतं. तरी तिने आपलं ओझं जिथे ठेवायचं तिथे ठेवलं होतं.

वेळ, जागा आणि पदर

सुरुवात पंधरा मिनिटांनी करा. तासाभराचा संकल्प सोडून चार दिवसांत खचून जाणारे मी फार पाहिले आहेत. वेळ शक्यतो ठरलेली असावी. मार्क 1:35 मध्ये येशू अगदी पहाटे, अंधार असतानाच उठून एकांतात जातो, आणि तेही आदल्या संध्याकाळी आजाऱ्यांची गर्दी दाराशी जमून गेल्यावर. जुन्या करारातला दानिएल दिवसातून तीनदा खिडकीपाशी गुडघे टेकायचा. पहाट सगळ्यांना जमत नाही. रात्रपाळीचा माणूस, तान्हं मूल असलेली आई यांनी आपापली वेळ शोधावी. पण ती एकदा ठरली की महिनाभर बदलू नये.

जागेबद्दल येशू म्हणतो, आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे. तिथे वापरलेला ग्रीक शब्द घरातल्या आतल्या, सामान साठवायच्या खोलीसाठीचा आहे. आपल्या जुन्या घरांत धान्याची कोठी असायची, तशी. बसायला गालिचा नाही, बघायला कुणी नाही. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं राहत असतील, तर हे दार कुठून आणायचं? मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन आणि चार्ल्स वेस्ली यांची आई सुझाना हिच्याबद्दल सांगतात, की मुलांनी भरलेल्या घरात ती डोक्यावरून अ‍ॅप्रन ओढून घ्यायची आणि मुलं समजायची, आई प्रार्थनेत आहे. आपल्या मराठी ख्रिस्ती बायकांना हे सांगायची गरज नाही. प्रार्थनेच्या वेळी डोक्यावर पदर घ्यायची आपली रीत आहेच. माझ्या आजीची खोली तिच्या पदराएवढी होती. गॅलरीचा कोपरा, गच्चीचा जिना, बस सुटायच्या आधीची रिकामी सीट, काहीही चालेल. फोन मात्र दुसऱ्या खोलीत ठेवा. मोबाइलवर शास्त्र वाचत असाल, तरी प्रार्थनेच्या जागी छापील पुस्तक घ्या. स्क्रीनवर स्तोत्राच्या वर मेसेज येऊन बसतो आणि मग माणूस त्याच्या मागे जातो.

शरीराची ठेवण हवी तशी असू द्या. शास्त्रात लोक उभे राहून, गुडघे टेकून, पालथे पडून, बसून प्रार्थना करताना दिसतात. गुडघेदुखी असेल तर खुर्चीवर बसा, आणि त्याबद्दल मनाला काही लावून घेऊ नका.

पहिला शब्द देवाचा

शब्द लगेच संपतात याचं मुख्य कारण असं, की आपण आपल्याच शब्दांनी सुरुवात करतो. आधी ऐका, मग बोला.

स्तोत्रसंहितेत, म्हणजे बायबलमधल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकात, 150 स्तोत्रं आहेत. एक सोपी जुनी युक्ती आहे. आज जी तारीख असेल, त्या क्रमांकाचं स्तोत्र पाहा, मग त्यात 30-30 मिळवत जा. 5 तारखेला 5, 35, 65, 95 आणि 125. या पाचांवरून नजर फिरवा आणि आजच्या तुमच्या मनाशी जे बोलतं, ते एक घ्या. 31 तारखेला 119व्या स्तोत्राचा एखादा भाग वाचा. त्यात 176 वचनं आहेत, ते एका बैठकीचं काम नव्हे. असं केल्याने आनंदाच्या दिवशी विलापाची आणि दुःखाच्या दिवशी स्तुतीची स्तोत्रंही डोळ्यांखालून जातात. दुसऱ्या कुणाचा तरी दिवस आज तसा असेल, हे त्यातून कळत जातं.

वाचलेलं प्रार्थनेत कसं आणायचं, यासाठी जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने सांगितलेली रीत मला आजवर सगळ्यांत उपयोगी पडली. 1535 साली विटेनबर्गमधल्या त्याच्या न्हाव्याने, पेटरने, त्याला विचारलं होतं, की प्रार्थना कशी करावी. ल्यूथरने त्याला लेखी उत्तर दिलं. न्हाव्याचं लक्ष वस्तऱ्यावर आणि केसांवर हवं. तो गप्पांत रमला तर गिऱ्हाइकाचं नाक कापेल नाहीतर गळा. प्रार्थनेतही तसंच. मग तो चार पदरी हार गुंफायला सांगतो. एखादं वचन घ्यावं आणि चार गोष्टी विचाराव्यात: यात शिकवण काय, यात आभार कशाचे, यात माझी चूक कोणती दिसते, आणि यातून मागणं काय निघतं.

121वं स्तोत्र घेऊन बघू. 'मी आपली दृष्टी डोंगरांकडे लावतो; मला साहाय्य कोठून येईल?' शिकवण अशी, की साहाय्य डोंगरातून येत नाही, डोंगर घडवणाऱ्याकडून येतं. आभार: गेल्या वर्षी नोकरी गेली तेव्हा चार महिने घर कसं चाललं, ते आठवून. कबुली: प्रभू, या आठवड्यात मी तुझ्याकडे सगळ्यांत शेवटी आले, आधी ओळखीचे साहेब, मग उसने पैसे, मग तू. मागणं: उद्याच्या मुलाखतीत मला घाबरू देऊ नकोस. एका वचनावर अशी पाच मिनिटं सहज जातात. ल्यूथरने आणखी एक सांगितलं, ते फार मोलाचं आहे. मध्येच एखादा विचार मनात जिवंत झाला, तर बाकीचा क्रम सोडून द्यावा आणि गप्प राहून त्याचं ऐकावं, कारण तिथे पवित्र आत्मा स्वतः बोलतो आहे.

प्रभूची प्रार्थना, ओळीओळीने

शिष्यांनी येशूकडे 'आम्हाला प्रार्थना करायला शिकवा' असं म्हटलं, आणि त्याने हे शब्द दिले. 'डिडाखे' नावाच्या अगदी आरंभीच्या ख्रिस्ती लेखनात ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगितलं आहे. आपल्याला ती इतकी पाठ असते, की अर्ध्या मिनिटात संपते. आठवड्यातून एकदा तरी ती ओळीओळीवर थांबत म्हणा. कसं थांबायचं ते सांगते.

'हे आमच्या स्वर्गातील पित्या.' संपूर्ण प्रार्थनेत 'माझा' हा शब्द एकदाही येत नाही. कोठीत एकटे असलात, तरी 'आमच्या' म्हणायचं. म्हणजे सगळी मंडळी तुमच्याबरोबर गुडघ्यावर आहे. 'पित्या' म्हणताना काहींच्या घशात शब्द अडकतो. ज्यांच्या बापाने दारू पिऊन मारलं, त्यांना हा शब्द गोड लागत नाही. अशांनी घाई करू नये. येशूने अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रार्थना करताना 'अब्बा' म्हटलं, आणि तो अब्बा कसा आहे हे येशूकडे बघूनच शिकायचं असतं, आपल्या बापाकडे बघून नव्हे.

इथेच भाषेचंही बोलते. देवाला आपण 'तू' म्हणतो, आणि ती जवळीक या मातीतली आहे. तुकोबा विठ्ठलाशी 'तू' म्हणूनच भांडले. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांना ख्रिस्ताकडे येताना तुकारामांची वाट सापडली, आणि त्यांनी आपल्या प्रार्थना अभंगांत गायल्या. आपल्या उपासनेत आजही त्या गाण्यांनी डोळे भरून येतात. तेव्हा ज्या भाषेत तुम्ही आईशी बोलता, त्या भाषेत प्रार्थना करा. नगरी असो, वऱ्हाडी असो, वसईची सामवेदी असो. उपदेशकासारखी भाषा वापरायची काही गरज नाही.

'तुझे नाव पवित्र मानले जावो. तुझे राज्य येवो. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.' आपली भाकर मागायच्या आधी देवाच्या या तीन गोष्टी येतात. 'राज्य येवो' म्हणताना मी माझ्या वस्तीचं नाव घेते. टँकरच्या रांगेतली भांडणं, शेजारच्या घरातला रात्रीचा आरडाओरडा, कोर्टात अडकलेली एखादी केस. जिथे त्याचं राज्य आलेलं दिसत नाही, त्या जागेचं नाव घेऊन मागायचं. 'तुझ्या इच्छेप्रमाणे' या ओळीवर मात्र हात उघडे ठेवून बसा. ज्या गोष्टीवर तुमची मूठ सगळ्यांत घट्ट आहे, ती इथे बोलून दाखवा.

'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.' आज. वाळवंटात इस्राएल लोकांनी मान्ना, म्हणजे देवाने रोज दिलेलं अन्न, दुसऱ्या दिवसासाठी साठवला, तेव्हा त्यात किडे पडले. इथे तपशील मागा: शाळेची फी, कर्जाचा हप्ता, पेरणीनंतरचा पाऊस, गुडघ्याचं ऑपरेशन. इतकं क्षुल्लक देवाला कशाला सांगायचं, असं वाटून थांबू नका. भाकरीहून साधं काय असतं?

'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड.' सावकार, सोसायटी आणि सात-बारावरचा बोजा पाहिलेल्या माणसाला 'ऋण सोडणं' म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. या ओळीवर मी वर्षभर अडखळत होते. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीत माझ्या चुलतभावाने मला फसवलं असं माझं मत होतं, आणि आजही आहे. मी ही ओळ भरभर म्हणून पुढे जायचे. एका रविवारी मत्तय 5 मधलं वचन वाचलं गेलं: वेदीपाशी अर्पण आणताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जा. मी दुपारी फोन केला. जमीन परत मिळाली नाही. पण त्यानंतर ही ओळ मला पूर्ण म्हणता येते.

तुम्हीही असंच करा. प्रार्थनेत कुणाचं तरी देणं आठवलं, एखादी माफी, एखादा अबोला, तर वहीत नाव लिहा आणि त्याच दिवशी पाऊल टाका. एक सावधगिरी मात्र हवीच. क्षमा करणं म्हणजे मारहाण करणाऱ्याच्या घरात परत जाणं नव्हे. क्षमेच्या नावाखाली बायकांना तसं परत पाठवलेलं मी पाहिलं आहे, आणि ते चूक आहे. क्षमा मनातून करता येते, अंतर राखूनही. आणि मदत, तक्रार, आसरा हे सगळं मागता येतं.

स्वतःचं पाप कबूल करताना मोघम बोलू नका. 'आमच्या हातून कळत नकळत जे काही झालं असेल' या वाक्याच्या आड फार लपता येतं. काय केलं ते सांगा. 51वं स्तोत्र हाताशी ठेवा, आणि लूक 18 मधल्या जकातदाराचं 'हे देवा, मज पाप्यावर दया कर' हेही. कबूल केलं की थांबा आणि क्षमा झाली आहे असं धरून पुढे जा. तेच पाप रोज नव्याने उकरणं म्हणजे त्या क्षमेवर अविश्वास दाखवणं.

'आम्हांला परीक्षेत आणू नकोस.' इथे आजचा दिवस डोळ्यांपुढून जाऊ द्या. घसरण कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक असतं: रात्री अकरानंतरचा फोन, टेबलाखालून येणारं पाकीट, सासूबाईंचं एक ठरावीक वाक्य. त्या जागेचं नाव आधीच घेऊन ठेवलं, की तिथे पोचल्यावर आपण अगदीच बेसावध नसतो.

शेवटी 'आमेन'. हा हिब्रू शब्द, 'पक्कं, खरं' अशा अर्थाचा. आणि 'येशूच्या नावाने' हे आपण अर्जावरच्या शिक्क्यासारखं लावत नाही. माझ्या लायकीवर मी आलेले नाही, त्याच्या भरवशावर आले आहे, असं ते सांगणं आहे.

वही

शंभर पानी साधी वही घ्या. डाव्या पानावर तारीख आणि विनंती एका ओळीत. उजवं पान कोरं. उत्तर मिळालं, नाही मिळालं, वेगळंच काही मिळालं, जे होईल ते तिथे तारखेसह. विनंती इतकी स्पष्ट लिहा, की उत्तर आलं तर ओळखता येईल.

दुसऱ्यांसाठीच्या प्रार्थनेची वाटणी वारांवर करा. सोमवारी घर, मंगळवारी नातेवाईक, बुधवारी आजारी माणसं, गुरुवारी मंडळी आणि पाळक, शुक्रवारी ज्यांच्याशी पटत नाही ते, शनिवारी गाव आणि देश. रविवारी यादी बंद, फक्त स्तुती. 'सर्व आजाऱ्यांना बरं कर' यापेक्षा तीन नावं घेतलेली बरी. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी विनंती टाकली की आपण हात जोडल्याचं चित्र पाठवतो आणि विसरतो. मी आता एक नियम पाळते: 'प्रार्थना करते' असं लिहायच्या आधी, जिथे असेन तिथे, तेवढी एक ओळ प्रार्थना करून टाकायची आणि मगच उत्तर पाठवायचं. शिवाय दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेलं दुखणं प्रार्थनासभेत त्याच्या परवानगीशिवाय उघड करू नका. प्रार्थनेच्या निमित्ताने चर्चा पसरते आणि मग माणसं मदत मागायचीच थांबतात.

मन पळतं, डोळा लागतो

हे सगळ्यांचं होतं. गेथशेमानेत तिघे निवडक शिष्यसुद्धा झोपले. येशू त्यांना रागावला, पण आत्मा उत्सुक असला तरी देह अशक्त आहे, हेही त्यानेच म्हटलं. झोप येत असेल तर उभं राहा, फेऱ्या मारा, पुटपुटण्याऐवजी आवाजात बोला, किंवा प्रार्थना लिहून काढा. मन भटकलं की त्याला फटके मारू नका. ते जिथे गेलं, तिथूनच त्याला प्रार्थनेत आणा. गॅसचं बुकिंग राहिलंय असं आठवलं, तर वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा आणि परत या. पुन्हा पुन्हा एकाच माणसाचा विचार येत असेल, तर कदाचित आज त्याच्यासाठीच बसायचं आहे.

काही आठवडे असे येतात, की शब्द लाकडासारखे लागतात. अशा वेळी स्वतःचे शब्द शोधायला जाऊ नका. स्तोत्र वाचा, प्रभूची प्रार्थना म्हणा आणि उठा. रोमकरांस पत्रात प्रेषित पौल लिहितो, की आपल्याला कशी प्रार्थना करावी हे कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः अवाच्य कण्हण्याने मध्यस्थी करतो. ते कण्हणं चालू आहे एवढं धरून बसून राहणं, हीसुद्धा पूर्ण प्रार्थना आहे.

उत्तर येत नाही तेव्हा

माझ्या वहीत एक उजवं पान कोरं आहे. माझ्या वडिलांचं डायलिसिस चालू होतं, आणि डाव्या पानावर मी 'बाबांना बरं कर' असं चौदा महिने लिहीत गेले. ते गेले. त्या पानावर काय लिहायचं, हे मला अजून कळलेलं नाही, आणि मी ओढूनताणून काही लिहिलंही नाही. त्या दिवसांत एका सभेत मला कुणीतरी सांगितलं, "घरात विश्वास कमी पडला." असं कुणालाही, कधीही सांगू नका. येशूने स्वतः मागितलं होतं, 'हा प्याला माझ्यापासून दूर कर', आणि प्याला दूर झाला नाही. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि त्याला उत्तर मिळालं, 'माझी कृपा तुला पुरे आहे.' यांचा विश्वास कमी होता, असं कोण म्हणेल?

अशा काळात विलापाची स्तोत्रं वाचा, मोठ्याने. 13वं स्तोत्र 'कोठवर?' हा प्रश्न चार वेळा विचारतं. 88वं तर अंधारातच संपतं, एकही आशेची ओळ न देता, आणि तरी ते शास्त्रात आहे. देवाकडे तक्रार करणारा माणूस देवाकडेच तोंड करून उभा असतो.

चौथ्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन याची आई मोनिका हिचं एक प्रकरण मला वडील गेल्यानंतर नव्याने उमगलं. मुलगा विश्वासापासून दूर गेलेला, आणि आता उत्तर आफ्रिका सोडून रोमला निघालेला. त्याने जाऊ नये, म्हणून ती किनाऱ्याजवळच्या एका प्रार्थनास्थळात रात्रभर रडत मागत राहिली. त्याच रात्री तो तिला फसवून जहाजाने निघून गेला. सकाळी तिच्या हाती नकार आला. पण ज्या इटलीला तो जाऊ नये म्हणून ती रडली, तिथेच मिलानमध्ये 387 साली त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि ती ते पाहायला हजर होती. ऑगस्टीनने पुढे लिहिलं, की देवाने तिचं त्या रात्रीचं मागणं नाकारलं, ते तिचं नेहमीचं मागणं पुरवण्यासाठी. प्रत्येक नकाराचा असा उलगडा या जन्मी होतो, असं मी म्हणणार नाही. माझं पान कोरंच आहे.

आणखी एक, स्पष्टपणे. प्रार्थना करता म्हणून औषध बंद करू नका. याकोबाच्या पत्रात आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना बोलवायला, तेल लावून प्रार्थना करायला सांगितलं आहे; गोळ्या, इन्सुलिन किंवा केमो सोडायला कुठेही सांगितलेलं नाही. मनाच्या आजारालाही हेच लागू.

घरात आणि मंडळीत

कौटुंबिक उपासना दहा मिनिटांची ठेवा: एक गाणं, शास्त्रपाठाची आठ-दहा वचनं, दोघांची छोटी प्रार्थना, शेवटी सगळ्यांनी प्रभूची प्रार्थना. मुलांना वाचायला द्या. मुलांदेखत 'प्रभू, ह्याला अभ्यासाची बुद्धी दे, ह्याचा मोबाइल सुटू दे' अशी प्रार्थना करू नका. मुलाला कळतं की ही देवाशी केलेली गोष्ट नसून त्याला दिलेली समज आहे. त्याऐवजी त्याच्यासमोर आपल्या चुकीची क्षमा मागा, देवाची आणि त्याचीही. माझ्या वडिलांनी एकदा तसं केलं होतं, आणि मी तेव्हा आठवीत होते.

एकत्र प्रार्थनेत किती ताकद असते, हे आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या केडगावने पाहिलं आहे. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून वाचवलेल्या मुली-बायका तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये होत्या. जानेवारी 1905 मध्ये रमाबाईंनी रोज जमून प्रार्थना करायला कोण येईल, असं विचारलं. सुमारे 70 जणी आल्या. पुढे ती संख्या 500 च्या वर गेली, आणि जूनच्या अखेरीला तिथे जे संजीवन, म्हणजे विश्वासाची नवी जागृती, सुरू झालं, ते जगभर ऐकू गेलं. मला त्यातले जानेवारी ते जून हे मधले पाच महिने मोठे वाटतात, जेव्हा सांगण्यासारखं काही घडत नव्हतं आणि त्या बायका रोज येत होत्या.

तुम्हाला 70 जणी शोधायच्या नाहीत. एक माणूस शोधा. आठवड्यातून एकदा, अर्धा तास, फोनवरही चालेल. 'दोघे किंवा तिघे' एवढीच येशूने अट घातली आहे. परदेशात असाल आणि जवळ मराठी मंडळी नसेल, तर या एका फोनचं मोल फार असतं.

दिवसभर आणि रात्री

'निरंतर प्रार्थना करा' याचा अर्थ काम टाकून बसा असा नाही. जुन्या करारातला नहेम्या, राजाचा प्यालेबरदार, राजापुढे उभा असताना, प्रश्न आणि उत्तर यांच्या मधल्या क्षणात त्याने स्वर्गातल्या देवाची प्रार्थना केली. तेवढी जागा प्रत्येक कामात असते: लिफ्टमध्ये, सिग्नलला, फोन उचलायच्या आधी, कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये. रात्री अंथरुणावर पाच मिनिटं दिवस उलटा आठवा. कुठे देवाचा हात दिसला त्याबद्दल आभार, कुठे चुकले त्याची क्षमा, उद्यासाठी एक मागणं. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात ही सवय आपल्या सोबत्यांना लावली होती.

पहिल्या महिन्यात इतकंच करा: तारखेचं एक स्तोत्र, त्यातल्या एका वचनाचा चार पदरी हार, प्रभूची प्रार्थना, आणि वहीत जास्तीत जास्त तीन नावं. दिवस चुकतील. पाहुणे येतील, ताप येईल, एखाद्या आठवड्यात नुसता कंटाळा येईल. परत बसाल तेव्हा राहिलेल्या दिवसांची स्तोत्रं भरून काढायला जाऊ नका आणि क्षमायाचनेत पंधरा मिनिटं घालवू नका. कॅलेंडरकडे बघा आणि आजच्या तारखेचं स्तोत्र उघडा.